दुखरी टाच आणि रोजचे काम



आज आपण पायाविषयी बोलणार आहोत. त्यातही टाचेविषयी.

आपले तोंड आपण रोज आरशात पाहतो. हात तर दिवसभर डोळ्यांपुढेच असतात. पण तळपाय आपण पाहतो केव्हा? काटा रुतला म्हणजे! एरवी तो बिचारा खालीच असतो. सगळ्या अंगाचा भार उचलतो आणि काही मागत नाही. पण एखाद्या दिवशी तो दुखू लागतो. मग कळते, की आपले सारे घर या दोन पायांवर उभे आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याचेच पाहा. दिवाळीच्या सुमारास वावरात कापूस फुटतो आणि वेचणी लागते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. जितका कापूस, तितके पैसे. सकाळी घरचा स्वयंपाक उरकायचा. मग कोस-दीड कोस चालत वावर गाठायचे. दिवसभर पऱ्हाटीच्या ओळीतून वाकून उभे राहायचे. सांजच्याला वेचलेला कापूस डोक्यावर घेऊन यायचे. घरी आले, की पुन्हा चूल आहेच. अशा बाईची टाच दुखू लागली तर तिने काय करावे? घरी बसली तर मजुरी बुडते. तशीच गेली तर दुखणे वाढते.

गावात तिला दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, “बाई, महिनाभर खाटेवरून उतरू नको.” दुसरा म्हणतो, “दुखू दे, चालत राहा. चालता चालता पाय मोकळा होतो.” आम्हाला विचाराल तर हे दोन्ही सल्ले अर्धेच आहेत. खाटेवर पडून राहिले तर पाय आखडतो. दुखणे रेटले तर ते मुरते. मधला रस्ता आहे. तोच आज आपण पाहू.

आधी पायाची घडण समजून घेऊ.

माणसाच्या एका पायात घोट्यापासून बोटांपर्यंत २६ हाडे असतात. दोन्ही पायांची मिळून ५२ झाली. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगात हाडे २०६. म्हणजे चौथा हिस्सा हाडे एकट्या पावलांतच आहेत. त्यांत सर्वांत मोठे हाड टाचेचे.

ओला पाय फरशीवर ठेवा आणि उचला. उमटलेला पाय नीट पाहा. बहुतेकांच्या पायाचा मधला भाग पुरा उमटत नाही. कारण तिथे कमान आहे. धनुष्याला जशी दोरी असते, तशी या कमानीलाही आहे. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळपायाखाली एक जाड, चिवट पट्टा ताणलेला असतो. आपण पाऊल टाकले, की तो ताणतो. पाऊल उचलले, की सैल होतो. दिवसात हजारो वेळा असे होते.

आता या पट्ट्यावर झेपेल त्यापेक्षा जास्त ताण पडला तर? जिथे तो टाचेच्या हाडाला जोडलेला असतो, तिथे तो दुखावतो. टाचेच्या दुखण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

ते ओळखायचे कसे? सकाळी उठून पहिले पाऊल टाकले, की टाचेखाली खिळा रुतावा तशी कळ येते. दहा-वीस पावले चालले, की कळ कमी होते. बराच वेळ बसून उठले, की पुन्हा येते. सांजच्याला थकल्यावर पाय ठणकतो. असे का होते? रात्रभर तो पट्टा आखडून पडलेला असतो. सकाळी त्याच्यावर एकदम सगळा भार येतो. रात्री आखडलेल्या बैलाला उठताक्षणीच भरल्या बंडीला जुंपावे, तसे ते होते.

हे दुखणे कोणाला होते? चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांना जास्त. वजन वाढलेल्यांना. दिवसभर कठीण जमिनीवर उभे राहणाऱ्यांना. झिजलेली, पातळ चप्पल घालणाऱ्यांना. आणि चालण्याची सवय नसताना एकदम फार चालणाऱ्यांना. आम्ही मास्तर लोकही यातलेच. शाळेच्या शहाबादी फरशीवर उभे राहून शिकवण्यात आमचा जन्म गेला. ही सकाळची कळ आमच्या ओळखीची आहे. म्हणून आम्ही पुढे जे सांगतो, त्यातले बरेच आम्ही स्वतः रोज करतो.

पहिली गोष्ट. अंथरुणातून उठण्याआधी पाय जागा करा. अंथरुणावर बसा. दुखरा पाय दुसऱ्या पायाच्या टोंगळ्यावर ठेवा. हाताने पायाची बोटे धरा आणि नडगीच्या बाजूला ओढा. तळपायाखाली दोरी ताणल्यासारखी लागेल. तोच तो पट्टा. दहा अंक मोजा आणि सोडा. असे दहा वेळा करा. सकाळी एकदा, दुपारी एकदा, रात्री एकदा. मग उभे राहा. याला पैसा लागत नाही. तीन-चार मिनिटे लागतात.

दुसरी गोष्ट पोटरीची. टाचेच्या मागे दोरीसारखी जाड शीर हाताला लागते. ती पोटरीपासून येते. पोटरी आखडलेली असली, की टाचेवर जास्त ओढ पडते. म्हणून भिंतीसमोर उभे राहा. दोन्ही तळहात भिंतीला लावा. दुखरा पाय मागे घ्या. टोंगळा सरळ ठेवा आणि टाच जमिनीला टेकलेली ठेवा. पुढचा टोंगळा हळूहळू वाकवा. मागची पोटरी ताणेल. तीस अंक मोजा. असे तीन वेळा करा. मग दुसऱ्या पायाने करा. वावरात भिंत नसते, पण झाड असते. दुपारच्या भाकरीनंतर झाडाला हात लावून हे करता येते. कोणी हसले तर हसू द्या.

तिसरी गोष्ट रात्रीची. एक प्लास्टिकची बाटली घ्या. ती थंड पाण्याने भरा आणि घट्ट बुच लावा. खाटेवर बसून ती तळपायाखाली पुढे-मागे पाच-सात मिनिटे फिरवा. ठणका कमी होतो.

दुखणे थोडे निवले, की चौथी गोष्ट सुरू करा. ती पायाला बळ देते. घराच्या पायरीवर पायाचा पुढचा भाग टेकवून उभे राहा. भिंतीचा आधार घ्या. हळूहळू टाचा वर उचला. क्षणभर थांबा. मग हळूहळू खाली आणा. आधी पाच-सात वेळा करा, पुढे वाढवा. एक दिवसाआड केले तरी चालते.

हे सारे आठ दिवसांत गुण देईल असे मानू नका. या दुखण्याला वेळ लागतो. बहुतेकांची टाच काही महिन्यांत बरी होते. काहींना वर्षही लागते. मात्र नेम चुकवू नये. शेतात पेरले म्हणून दुसऱ्या दिवशी पीक येत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता कामाविषयी बोलू. काम सोडा असे आम्ही सांगणार नाही. कामाची रीत बदला, असे सांगतो. एका खेपेत मोठा भारा आणण्यापेक्षा दोन खेपांत लहान भारे आणा. तासन् तास एका जागी उभे राहू नका. मध्ये पाच मिनिटे धुऱ्यावर बसा. दुखणे जोरात असेल त्या आठवड्यात शेंगा फोडणे, निवडणे, टिपणे अशी बसून करायची कामे मागून घ्या. चालण्याऐवजी सायकलवर जाता येत असेल तर सायकलवर जा. सायकलने पाय हलते राहतात आणि टाचेवर भार येत नाही. घरी उभ्याने स्वयंपाक करत असाल तर पायाखाली बारदानाची जाड घडी घाला.

माप कसे ठरवायचे? काम करताना थोडे दुखले तर हरकत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळची कळ कालच्यापेक्षा वाढली असेल तर काल काम जास्त झाले असे समजा. आज थोडे कमी करा. कळ कमी झाली तर पुन्हा थोडे वाढवा. घरातल्या माणसांनीही हे माप समजून घ्यावे. घरात बाईची टाच दुखत असेल तर पाण्याचा गुंड पुरुषाने आणला म्हणून काही बिघडत नाही.

चालण्याचे माप कसे असावे, याचे मोठे उदाहरण आपल्या देशात घडले आहे. १९३० साली महात्मा गांधी साबरमतीहून दांडीला पायी गेले. तेव्हा त्यांचे वय ६० वर्षांचे होते. अंतर होते सुमारे ३८५ किलोमीटर. ते २४ दिवसांत पार पडले. म्हणजे रोजचे सरासरी सोळा किलोमीटर. एका दिवसात कोणी तीस-चाळीस किलोमीटरची फुशारकी मारली नाही. सोमवारी तर यात्रा मुक्कामालाच थांबत असे. आणि गांधीजींना रोज चालण्याची सवय जुनी होती. आपल्यातली कितीतरी माणसे माहूरला किंवा पंढरपूरला पायी जातात. वर्षभर बसून राहायचे आणि एक दिवस उठून तीस किलोमीटर चालायचे, हे टाचेला सोसत नाही. जाण्याआधी महिना-दीड महिना रोज थोडे थोडे चालणे वाढवावे. मग वाटेत टाच धरून बसावे लागत नाही.

आता पायतणाचा विचार करू. शेतात अनवाणी जाण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. काळ्या मातीत चिखल झाला, की चप्पल रुतून बसते. मग माणूस ती धुऱ्यावर काढून ठेवतो. चिखलात तेवढे ठीक, असे वाटते. पण काटा, खुंट, विंचू, साप हे अनवाणी पायालाच आधी भेटतात. ओल्या, घाण मातीतल्या काही जंतांची पिल्ले पायाच्या कातडीतून अंगात शिरतात आणि रक्त कमी करतात. काट्याची किंवा खुंटाची खोल जखम झाली तर ती साबणाने धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी दवाखान्यात विचारावे.

दुखऱ्या टाचेला पायतण कसे हवे? तळ जाड, पण नरम. टाचेखाली थोडी उंची. मागे पट्टा, म्हणजे पाय घसरत नाही. रबराची स्लीपर एका बाजूने झिजून कागदासारखी पातळ झाली, तरी आपण ती टाकवत नाही. ती टाका. टायरची वहाण टिकते खरी, पण तिचा तळ कठीण असतो. तिच्यात नरम रबराचा तळ बसवून घ्या. विकत घ्यायला सांजच्याला जा. दिवसभर काम करून पाय थोडा सुजलेला असतो. तेव्हा जे बसेल ते पुढे आवळत नाही.

घरातही हाच नेम ठेवा. पूर्वी घरात शेणाने सारवलेली जमीन होती. आता कितीतरी घरांत सिमेंट आणि टाइल आली. ही जमीन कठीण असते. ज्याची टाच दुखते, त्याने घरात वापरायला एक वेगळी, स्वच्छ, नरम चप्पल ठेवावी. ती बाहेर नेऊ नये. देवघरापाशी काढावी. एवढे केले म्हणजे कोणाच्या मनाला लागत नाही.

काही म्हणतील, “सुनेने सासऱ्यापुढे चप्पल घालायची?” अशी रीत अनेक घरांत होती. जातीचा उच्चनीच भाव जिथे कडक होता, तिथे तर काही माणसांना गावाच्या गल्लीतून पायतण हातात घेऊन जावे लागे. हा अन्याय होता. काटा कोणाची जात पाहून रुतत नाही. पायतण हे पायाचे औषध आहे. त्यात मानापमान कसला?

चप्पल करण्यातही कमीपणा नाही. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत असताना स्वतः चपला करायला शिकले. तुरुंगात त्यांनी चपलांचा एक जोड केला आणि तो १९१४ साली जनरल स्मट्स यांना भेट पाठवला. स्मट्स कोण? ज्यांच्या सरकारने गांधीजींना तुरुंगात टाकले होते, ते! त्यांनी ती चप्पल कितीतरी उन्हाळे वापरली. १९३९ साली गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या वेळी त्यांनी ती आदराने परत केली. ते गांधीजी तेव्हा आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला राहत होते.

आता मंडळी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट नीट ऐका.

पूर्वी गावात कोतवाल दवंडी देत असे. पूर येणार असेल तर तो ओरडून सांगे. वेदना ही अंगाची दवंडी आहे. कुठेतरी बिघडले आहे, असे ती सांगते. दवंडी ऐकून कानांत बोटे घालू नयेत. पण ज्या गावात कोतवालच नाही, त्या गावाचे काय? पूर दारात येईपर्यंत तिथे कोणाला पत्ता लागत नाही. ज्या पायाला दुखणे कळतच नाही, त्या पायाचे तसेच असते. तो पाय जास्त धोक्यात असतो.

असे दोन आजारांत होते. एक महारोग, म्हणजे कुष्ठरोग. दुसरा मधुमेह, म्हणजे साखरेची बिमारी. दोन्हींत पायाच्या नसा बधिर होतात. डॉ. पॉल ब्रँड नावाचे सर्जन १९४६ साली वेल्लोरच्या रुग्णालयात आले आणि पुढे कुष्ठरोग्यांवर काम करू लागले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने आपोआप गळतात, असे तेव्हा लोकांना वाटे. डॉक्टरांनी दाखवून दिले, की बराचसा नाश न कळलेल्या जखमांनी होतो. खडा रुतला, चटका बसला, माणसाला कळले नाही, तो तसाच चालत राहिला, आणि जखम हाडापर्यंत गेली. पुढे बधिर पायांसाठी नरम रबराचा तळ असलेली खास पायतणे तयार झाली. आता ती मधुमेहाच्या रोग्यांनाही देतात.

वर्धा नदीच्या पलीकडे, वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले. त्यासाठीची महारोगी सेवा समिती १९४९ साली स्थापन झाली. ज्यांना गावाने बाहेर काढले, त्यांनी तिथे शेती पिकवली. आज कुष्ठरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि रोग पुरता बरा होतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल तर लपवू नका. लवकर गेलात तर पाय वाचतो.

मधुमेहाच्या माणसाची घरीच एक परीक्षा घेता येते. त्याला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी, अशा सहा टोकांना एकेक करून आपल्या बोटाचा हलका स्पर्श करा. दाबू नका. स्पर्श कळला, की त्याने “हो” म्हणावे. सहापैकी दोन किंवा जास्त वेळा कळले नाही तर पाय बधिर होत आहे, असे समजा आणि डॉक्टरांना दाखवा.

म्हणून आणखी एक सांगणे आहे. टाच दुखली, की आपल्याकडे तापलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून शेक देतात. ज्याचा पाय चांगला आहे, त्याला कोमट शेकाने थोडा वेळ बरे वाटेल. पण ज्याचा पाय बधिर आहे, त्याला वीट किती तापली हे कळत नाही. टाच भाजून निघते. म्हणून मधुमेह असेल तर शेक नकोच. बिब्बा कोणीच लावू नये. बिब्ब्याने कातडी भाजते. टाचेला डाग देणे तर मुळीच नको.

टाचेला भेगा असतील तर पाय दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात ठेवा. मधुमेहवाल्याच्या पायासाठी पाणी दुसऱ्याने कोपराने पाहावे, आणि त्याचा पाय धुऊन लगेच पुसावा, भिजत ठेवू नये. मग खोबरेल, कोकमाचे तेल किंवा व्हॅसलीन लावा. ब्लेडने कातडी कापू नका.

दुकानातून दुखण्याची गोळी आणून रोज खाऊ नका. तिने पोटाला आणि मूत्रपिंडाला अपाय होतो. टाचेत घ्यायचे इंजेक्शनही डॉक्टरांनी विचार करूनच द्यायचे असते. ते वारंवार घेतले तर पट्टा तुटण्याची भीती असते. फोटो काढला आणि “टाचेचे हाड वाढले” असे कोणी सांगितले तर घाबरू नका. हाड वाढूनही ज्यांना काही दुखत नाही, अशी पुष्कळ माणसे असतात. ऑपरेशन फार थोड्यांना लागते.

मग डॉक्टरकडे केव्हा जायचे? पडल्यावर किंवा उडी मारल्यावर पायावर उभेच राहता येत नसेल तर त्याच दिवशी. टाच लाल, गरम, सुजलेली असेल किंवा ताप असेल तर त्याच दिवशी. मधुमेह असून पायाला जखम झाली, मग ती बोराएवढी का असेना, तरी त्याच दिवशी. पाय बधिर झाला असेल, मुंग्या येत असतील, रात्री झोपेतही टाच ठणकत असेल, तर लवकर जा. आणि वर सांगितलेले सारे दोन-तीन महिने करूनही उतार नसेल, तरी जा. आधी गावच्या आशाताईंना विचारा. त्या प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवतील. तिथून गरज पडली तर यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. तीस वर्षांवरच्या माणसांची साखर सरकारी केंद्रात तपासतात. ती एकदा तपासून घ्याच.

आणखी एकच काम सांगतो. आज रात्री झोपण्याआधी घरातल्या सगळ्यांनी पाय धुवा, पुसा आणि दिव्याजवळ बसून तळपाय पाहा. स्वतःचा दिसत नसेल तर एकमेकांचा पाहा. म्हाताऱ्या आईचा पाय मुलाने पाहावा. वेचणीहून आलेल्या बायकोचा पाय नवऱ्याने पाहावा. बैलाचा खूर आपण उचलून पाहतोच ना? मग घरच्या माणसाच्या पायाला हात लावायला संकोच कशाला?

उद्या सकाळी उठताना ते दहा अंक मोजायला विसरू नका. मोजता तर आता आपल्या सर्वांना येते.